रविवारी संध्याकाळपर्यंत टोपलीकार व्हा!
(मनवेलपाडा व परिसरातील होतकरूंसाठी सचित्र नसलेले मार्गदर्शन)

अभिनंदन. तुम्ही हे वाचायला घेतलेत, म्हणजे हाताने काहीतरी खरेखुरे, मातीतले करावे असे तुम्हाला वाटू लागले आहे. हे दुखणे साधारण पस्तिशीत जडते. रोज विरार फास्टमध्ये उभ्याने जाणाऱ्यांना थोडे आधीच जडते. काही जण कुंभारकामाकडे वळतात, पण त्याला भट्टी लागते आणि सोसायटीचा सेक्रेटरी भट्टीला परवानगी देत नाही. काही जण घरी पाव आंबवतात आणि तो शेजाऱ्यांना खावा लागतो. उरते टोपली. तिला भट्टी लागत नाही, वीज लागत नाही, आणि बिघडली तरी ती टोपलीच दिसते असा सर्वसाधारण समज आहे. समज चुकीचा आहे. पण ते कळेपर्यंत तुमची कार्यशाळेची फी भरून झालेली असते, म्हणून त्याची चर्चा इथे नको.

पत्ता तुमच्या बाजूने आहे. तुम्ही विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, वन-बीएचकेत राहता. जीवदानीचा डोंगर दिसतो, तळे जवळ आहे, आणि नावात 'पाडा' आहे. पुण्यामुंबईच्या ग्राहकाला 'पाडा' हा शब्द पुरतो. तिथे आता तळमजल्यावर मोबाइलची दुकाने आणि वर चार मजले आहेत, हे फोटोत येऊ देऊ नका.

१. आधी बिरुद, मग बांबू

नवशिके बांबू शोधायला निघतात, ही त्यांची पहिली चूक. आधी स्वतःला नाव द्या. 'बास्केट आर्टिस्ट', 'फायबर आर्टिस्ट', 'नॅचरल मटेरियल प्रॅक्टिशनर' यांतले इन्स्टाग्रामच्या चौकटीत बसेल ते घ्या. 'बुरूड' हा शब्द मात्र घेऊ नका. तो आधीच गेलेला आहे, आणि त्याच्याबरोबर जातीचा दाखला, पुण्यात असाल तर बुरूड आळी, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाठदुखी असे बरेच सामान येते. बुरुडाला कोणी 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?' असे विचारत नाही. बापाने हातात कोयता दिला तिथून मिळाली, हे दिसतेच. तुम्हाला मात्र विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. 'लॉकडाउन' अजून चालते. 'आजोळ' त्याहून चांगले चालते, मग ते डोंबिवलीत का असेना.

परंपरेचा उल्लेख हवाच, आणि ती जितकी लांबची तितकी सोयीची. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मेदार केतय्या होते. बांबूकाम करून ते पोट भरत, आणि बुरूड समाज त्यांना आजही मानतो. त्यांचे नाव अवश्य घ्या. आठशे वर्षांपूर्वीचा कारागीर हिस्सा मागायला येत नाही. स्टेशनबाहेर सुपे घेऊन बसणारी बाई येऊ शकते, म्हणून तिचा उल्लेख 'स्थानिक समुदाय' असा मोघम करावा.

२. बांबू ओळखणे, किंवा न ओळखणे

मनवेलपाड्यात बांबू नाही असे म्हणणाऱ्याने मान वर करून पाहिलेले नाही. दर दुसऱ्या गल्लीत एखादी इमारत उठते आहे नाहीतर रंगते आहे, आणि तिच्याभोवती परांची आहे. तिच्याकडे आशेने पाहू नका. तो बांबू वाळून खडखडीत झालेला असतो. वाकवायला जाल तर मोडेल, आणि सोडवून आणायला जाल तर वर उभा असलेला रंगारी काही बोलेल.

टोपलीला हवा असतो ओला, हिरवा, दोन-तीन पावसाळे पाहिलेला बांबू. पहिल्या वर्षाचा कोवळा घेतला तर विणलेली पट्टी वाळताना आक्रसते आणि टोपली आठ दिवसांत खिळखिळी होते. फार जून घेतला तर वाकताना तडकतो. बेटात उभे राहून हे वय ओळखायचे असते. कोवळ्या बांबूच्या पेरांवर पांढुरकी भुकटी आणि सोपटे असतात, जून बांबूवर डाग चढलेले असतात, आणि बोटाने वाजवले की आवाजही वेगळा येतो. मानवेल भरीव आणि चिवट, कळक काटेरी आणि पोकळ, तळकोकणात माणगा. तोडायचा तोही पावसाळा सरल्यावर. पावसात बेट कोंब धरत असते, आणि थंडीत तोडलेल्या बांबूत किड्याला आवडणारे पिष्ट कमी असते. जुनी माणसे यात अंधाऱ्या पंधरवड्याचीही अट घालतात.

हे सगळे अंगात मुरायला अर्धे आयुष्य जाते. तुमच्याकडे शनिवार आणि रविवार आहे, त्यातही शनिवारी दुपारी गॅसवाला येणार आहे. तेव्हा सरळ किट मागवा. किटमध्ये सोललेला, सारख्या जाडीचा, कुठलाही स्वभाव नसलेला वेत गुंडाळी करून येतो. खोक्यावर 'लोकल' लिहिलेले असते. वेत नेमका कुठल्या लोकलने आला, ते विचारू नका.

३. गवत की झाड: कायदा जाणून घ्या

ही पायरी किटवाल्यांना लागू नाही. पण चारचौघांत बोलायला उपयोगी पडते, म्हणून नीट वाचा.

वनस्पतिशास्त्र म्हणते, बांबू हे गवत आहे. १९२७चा भारतीय वन कायदा म्हणाला, बांबू हे झाड आहे. साहेब गेला, गवत झाडच राहिले. शेताच्या बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडून दुसऱ्या गावी न्यायचा तर वाहतूक परवान्याचा प्रश्न उभा राही. शेवटी २०१७ साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला, आणि नव्वद वर्षांनी गवताला गवत होता आले.

जंगलातल्या बांबूची गोष्ट आणखी निराळी. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. कागदावरचा हा हक्क हातात यायला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला भांडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांनी वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे गावाचा बांबू गावाला विकता आला. गवताची मोळी विकायला दिल्लीहून मंत्री यावा लागतो, हे लक्षात ठेवा. तुम्हाला मात्र कुरिअरवाल्याचा ओटीपी पुरतो.

हेवा करायचाच असेल तर कागद गिरण्यांचा करा. कर्नाटकात बांबू मिळत नाही म्हणून बुरुडांनी ओरड केली, तेव्हा पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७५च्या सुमाराला त्या प्रश्नाच्या अभ्यासाला लागले. दांडेलीच्या गिरणीला सरकारने जो बांबू टनाला दीड रुपया दराने देऊ केला होता, तोच टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात हजारो रुपये टन पडत होता. होतकरूंना आमचा प्रामाणिक सल्ला असा, की पुढचा जन्म निवडायची संधी मिळाली तर कारागीर होऊ नका, गिरणी व्हा.

४. ने-आण

तरीही कोणाला हट्टाने अख्खा बांबू आणायचाच असेल तर रस्ता सोपा आहे. विरार फाट्याला महामार्ग धरा, मनोरला वळा, पुढे विक्रमगड, जव्हार. जाताना मजा येते. येताना वीस फुटी बांबू रिक्षात आडवा बसत नाही, उभा बसत नाही, आणि लिफ्टमध्ये तर मुळीच बसत नाही. लोकलच्या मालडब्याचा विचार मनातून काढून टाका. तिथे मासळीवाल्या बसतात. त्यांच्या हाती एके काळी बांबूच्या पाट्या असत, आता प्लास्टिकचे टब आहेत, आणि तुमचा बांबू टबाला लागला तर तुमच्या कलेबद्दल त्यांचे जे मत होईल ते रीळमध्ये घालता येणार नाही.

५. फोडणे

इथे खरी कला आहे. म्हणून ही पायरी गाळायची.

गाळण्याआधी काय गाळतो आहोत ते पाहून घ्या. बांबूच्या टोकाला कोयत्याने चीर देतात. त्यानंतर कोयता नुसता पाचरीचे काम करतो, पुढचे सगळे हात, पायाचा अंगठा आणि कान करतात. चीर मध्यातून सरळ जायला हवी, पण ती सरळ जात नाही. पेर आले की एका बाजूला पळते. अशा वेळी नवशिका जी बाजू पातळ होत चालली आहे ती ओढतो, आणि पट्टी तिथेच संपते. जाणता माणूस जाड बाजू जास्त वाकवतो, म्हणजे चीर आपसूक मध्यावर येते. अर्ध्याचे पाव, पावाच्या कामट्या, कामटीचे थर. हिरव्या सालीकडचा थर चिवट, तो विणायला. आतला गर ठिसूळ, तो भरीला नाहीतर चुलीत. एका कामटीतून किती पातळ पट्ट्या निघतात, यावर बुरुडाची दिवसाची कमाई ठरते.

सालीत वाळूतली सिलिका असते, म्हणून तिची कड पात्यासारखी कापते. बुरुडीण बोटाला चिंधी गुंडाळते. बोट कापले तर पुन्हा चिंधीच गुंडाळते, काम थांबत नाही. तुमचे बोट कापले तर लगेच फोटो घ्या. रक्ताच्या एका थेंबाला मिळणारे प्रेम अख्ख्या टोपलीला मिळत नाही.

कोयता मात्र विकत घ्या. भिंतीवर छान दिसतो.

६. बूड

कार्यशाळेत पहिला दीड तास ओळखपरेड असते. 'मी अमुक, आयटीत आहे, मला स्क्रीनपासून दूर जायचे आहे' असे म्हणून प्रत्येक जण फोन काढून ते क्षण टिपतो. मग चहा. मग बूड.

बूड म्हणजे टोपलीचा तळ. कामट्या एकमेकींवर चांदणीसारख्या मांडायच्या आणि मधून पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून फिरवत न्यायची. इथे एक साधे गणित आहे. एकच पट्टी फिरवणार असाल तर उभ्या कामट्यांची संख्या विषम हवी. ती सम असेल तर दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच कामट्यांच्या वर आणि त्याच कामट्यांच्या खाली जाते, काहीही अडकत नाही आणि वीण उभीच राहत नाही. शाळेत न गेलेल्या बायका मांडतानाच एक कामटी चिरून दोन करतात आणि हिशेब जुळवतात. कार्यशाळेत अभियांत्रिकीचे चार पदवीधर अर्धा तास वीण उलगडतात आणि 'मटेरियल रिस्पॉन्ड करत नाहीये' असे म्हणतात.

बूड झाल्यावर कामट्या ओल्या करून वर वाकवायच्या आणि भिंत चढवायची. भिंत चढवताना हाताची ओढ शेवटपर्यंत एकसारखी राहावी लागते, नाहीतर टोपली कलते. पण एवढ्यात दुपारचे जेवण येते. म्हणून भारतभरच्या कार्यशाळांतून लोक बूड घेऊन घरी जातात. याला 'कोस्टर' म्हणतात. त्यावर चहाचा कप ठेवा आणि पुढच्या पायरीकडे वळा.

भिंत चढलीच आणि कललीच, तर घाबरू नका. कललेली टोपली बुरुडाने केली तर ती कललेली टोपली असते आणि गिऱ्हाईक तिला केराची टोपली दाखवते. तुम्ही केली तर तो 'ऑरगॅनिक फॉर्म' असतो. सही तळाशी करा, म्हणजे ती पाहायला टोपली उलटी करावी लागते आणि तेवढ्यापुरता कल दिसत नाही.

७. काय विणू नये

सूप विणू नये. सुपाला तीन बाजूंनी काठ आणि एक बाजू मोकळी. त्यात भात घेऊन उडवला की कोंडा पुढे उडाला पाहिजे आणि दाणा मागे राहिला पाहिजे. वीण इतकी घट्ट, की बारीक कणीसुद्धा निसटता कामा नये, आणि वजन इतके हलके, की बाईने तासभर पाखडले तरी मनगट धरता कामा नये. असली कडक मागणी तुमच्या ऑफिसात कुठल्याही क्लायंटने केलेली नाही.

रोवळी विणू नये. तिच्यात धुतलेल्या तांदळाचे पाणी निथळले पाहिजे पण तांदूळ राहिला पाहिजे, म्हणजे सुपाच्या नेमकी उलट भानगड. कणगी तर विचारातही घेऊ नका. त्या बांबूच्या कोठाराला शेणामातीने लिंपून वर्षाचे धान्य ठेवतात, आणि ते मावायला आधी घरात जागा लागते, मग शेत लागते.

इरले विणू नये. याचे वाईट वाटते, कारण इरले फोटोत फार सुंदर येते. बांबूच्या विरळ जाळीच्या दोन थरांमध्ये पळसाची पाने घालून केलेले हे पाठीवरचे छप्पर. लावणीच्या वेळी बाई ओणवी झाली की डोक्यापासून कमरेपर्यंत पाऊस बाहेर आणि दोन्ही हात मोकळे. छत्री हे करू शकत नाही. हल्ली पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आहे, आणि बऱ्याच शेतांत नुसताच प्लास्टिकचा कागद आहे. तुम्ही केलेले इरले कोणी खरोखर जुलैच्या पावसात घालून पाहील, ही भीती सतत राहील. ती जोखीम कशाला?

सार एवढेच, की वापरता येईल अशी कोणतीही वस्तू करू नका. वापरली की परीक्षा होते. त्याऐवजी 'प्लँटर' करा, ज्यात आत प्लास्टिकची कुंडी असते. टिश्यूचे आवरण करा. दिव्याचे झुंबर करा. आणि सर्वांत उत्तम, दिवाळीचा 'हॅम्पर' करा. टोपली नैसर्गिक, आत प्लास्टिकचे हिरवे गवत, त्यावर चार बदाम, वरून चकचकीत पारदर्शक कागद आणि गाठीला ज्यूटची सुतळी. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, त्यानंतर निसर्गप्रेमाला हा मार्ग सापडला.

८. प्रेरणा दौरा

वर्षातून एकदा खऱ्या कारागिरांकडे जाऊन या. गाडी करा, पाणी बरोबर न्या. सकाळी प्रकाश मऊ असतो.

हातांचे फोटो घ्या. चेहऱ्याचे घेऊ नका. हात 'ऑथेंटिक' दिसतात, आणि त्यांना पुढच्या वेळी ओळख दाखवावी लागत नाही. वारली चित्र काढलेली भिंत असेल तर कारागिराला तिच्यापुढे बसवा. भिंत दुसऱ्याची असली तरी चालेल. आल्यासारखे थोडी खरेदी करा, कारण परत आल्यावर तुमच्या स्टॉलवर काहीतरी ठेवावे लागणारच आहे आणि कोस्टरने टेबल भरत नाही. बोलणी अशी करावीत:

"मावशी, हे सूप कसं दिलं?"

"दीडशे, ताई."

"दीडशे? अहो, बांबू तर तुम्हाला फुकटच मिळत असेल ना जंगलात."

"तोडायला जावं लागतं ना, ताई. मग फोडा, सोला. दिवस जातो."

"शंभर देते. दहा घेते, बघा. तुमची जाहिरात पण करीन."

इथे मावशी थोडा वेळ गप्प बसते. या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसू नका, नोटा पुढे करा. 'जाहिरात' शब्द उच्चारताना फोन थोडा वर धरावा. परतताना हॉटेलात पनीर टिक्क्याची प्लेट मागवाल तेव्हा बिलावर घासाघीस करू नका, ते बरे दिसत नाही.

९. किंमत आणि लेबल

शंभरचे सूप स्टॉलवर चौदाशे पन्नासला लावा. मधली रक्कम कशाची, असे कोणी विचारले तर 'स्टोरीटेलिंग'ची. लेबल जाड, खरबरीत, तपकिरी कागदाचे हवे. त्यावर बारीक अक्षरांत सांगा, की ही वस्तू घडायला वेळ लागला आहे, तिच्यात दोष असतील, आणि ते दोष म्हणजेच तिचे सौंदर्य. मावशीच्या सुपात दोष नसतील तर ही ओळ तशीच राहू द्या, गिऱ्हाईक शोधून काढते.

'हस्तनिर्मित' हा शब्द मोठा छापा. कोणाच्या हस्ते, हा प्रश्न समारंभाच्या पत्रिकेत विचारतात. लेबलवर विचारत नाहीत.

गिऱ्हाईकाने तुमच्याशी घासाघीस केली तर दुखावल्यासारखे बघा. 'कलेचा भाव करू नये हो,' असे हळू आवाजात म्हणायचे. आरशापुढे तालीम करून ठेवा.

१०. भुंगा

दोन महिन्यांनी टोपलीखाली पिवळसर पीठ दिसू लागेल. घाबरू नका. आत भुंगा शिरला आहे आणि तो बांबूतले पिष्ट खातो आहे. तुमच्या कलाकृतीचा हा पहिला निस्सीम चाहता. जुन्या घरांत बांबू आधी पाण्यात बुडवून कुजवत, म्हणजे पिष्ट निघून जाई. मग सूप-टोपल्या चुलीवरच्या धुरात टांगलेल्या असत, काळ्या पडत आणि वर्षानुवर्षे टिकत. तुमच्या स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकायला इलेक्ट्रिक चिमणी आहे आणि तिचे हप्ते चालू आहेत. बुडवून ठेवायला बादली आहे, पण पाण्याची वेळ सकाळी अर्धा तास. तेव्हा भुंग्याला जगू द्या.

भुंग्याने काही सोडलेच तर जुलैत बुरशी येते. विरारच्या पावसाळ्यात ती चपलांवर येते, पासपोर्टवर येते, टोपलीवर न आली तर अपमान वाटावा. गिऱ्हाईकाचा फोन आला तर शांतपणे सांगा, की वस्तू विघटनशील आहे आणि तिचे विघटन वेळेवर सुरू झाले आहे.

११. आता शिकवा

तिसऱ्या आठवड्यापासून कार्यशाळा घ्यायला लागा. स्वतःला येत नसेल तरच. येणाऱ्याला शिकवायला वेळ नसतो, तो विणत बसलेला असतो.

तारीख १८ सप्टेंबर धरा. २००९ साली बँकॉकच्या जागतिक बांबू परिषदेने तो जागतिक बांबू दिन ठरवला आहे, म्हणजे पोस्टरवर आयतेच कारण मिळते. फीमध्ये 'क्युरेटेड' चहा धरावा. प्रमाणपत्र द्याच. बूड नाही जमले तरी प्रमाणपत्र सपाटच असते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. पहिली, खऱ्या संस्थांचे पत्ते विद्यार्थ्यांना देणे. कुडाळला कोनबॅक आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे लोक महिनोन्‌महिने बसून हत्यार धरायलाच शिकतात. एकदा ते पाहून आलेला विद्यार्थी तुमच्याकडे कोस्टर करायला परत येत नाही.

दुसरी, कार्यशाळेला बुरुडीण बोलावणे. 'लाइव्ह डेमो' म्हणून रिक्षाभाड्यावर बोलवण्याचा मोह होईल. तुम्ही प्रास्ताविक करत 'आपल्या मुळांकडे परत जाताना' इथपर्यंत पोहोचेस्तोवर तिची टोपली काठापर्यंत आलेली असते, आणि सगळे तिच्याकडे सरकलेले असतात. शिवाय एखादी मुलगी पटकन तिलाच विचारते, की तुम्ही किती फी घेता.

१२. सासूबाईंचा प्रश्न

आतापर्यंत सगळे ठीक जमले असेल तर एक धोका उरतो. घर मूळचे रायगड-रत्नागिरीकडचे असेल तर तो नक्की उरतो. भाद्रपदात गौरी येतात. पूर्वा नक्षत्रावर आल्या तर त्या वर्षी ओवसा, म्हणजे सुपांतून द्यायचे वाण, असतो, आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा म्हटला की पाच सुपे तरी लागतात. सूपवाल्या बायका पंचांग बघून माल करतात, तो याचसाठी. तुमच्याकडे सून आली असेल तर सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून म्हणतील, "तुम्ही ते टोपल्यांचं शिकवता ना सगळ्यांना? मग यंदा बाहेरून कशाला आणायची? पाच सुपं घरीच करा की."

'ऑरगॅनिक फॉर्म' सासूबाईंना चालत नाही. गौरीपुढे कोस्टर ठेवता येत नाही. भुंगा लागलेले सूप दिसले तर त्या ते सुनेच्या पायगुणापर्यंत नेतील.

सकाळी साडेसहाला उठा, 'रॉ मटेरियल बघून येते' असे सांगून घराबाहेर पडा आणि स्टेशनकडच्या बाजारात जा. सूपवाली बसलेली असेल, भोवती बायकांची गर्दी असेल. पाच सुपे मोजून घ्या. 'जंगलात फुकट मिळत असेल' हे वाक्य आज वापरू नका, मागे उभ्या असलेल्या बायका रांगेतून बाहेर काढतील. ती सांगेल तो भाव. भाद्रपदात ती पाच रुपयेही सोडत नाही. सुटे पैसे न्या, आणि येताना सुपांवरचा तिचा खडूचा आकडा पुसून टाका.